जंताचं औषध नीट कसं घ्यायचं: तपासणीपासून दुसऱ्या डोसपर्यंत

जंतांवरचं औषध म्हणजे एक गोळी, ती घेतली की काम झालं, असा बहुतेकांचा समज असतो. काही जंतांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण गोळी घेऊनही महिन्याभरात तोच त्रास पुन्हा सुरू झाला, तर दोष सहसा औषधाचा नसतो. जंत एक आणि औषध दुसऱ्याच जंताचं, वजन न बघता काढलेला डोस, विसरलेला दुसरा डोस किंवा घरातल्या एकालाच दिलेलं औषध, यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

खाली दिलेले डोस सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आहेत. चिठ्ठी समजून घेण्यासाठी आणि शंका आली तर नेमका प्रश्न विचारण्यासाठी त्यांचा उपयोग करा. डॉक्टरांनी वेगळा डोस लिहिला असेल तर त्याला कारण असतं. ते विचारा, पण स्वतःहून बदल करू नका.

१. आधी जंत कोणता ते ठरवा

"पोटात जंत झालेत" एवढ्यावर औषध ठरत नाही. आतड्यात राहणारे नेहमीचे जंत असे:

राउंडवर्म (अस्कारिस): गांडुळासारखा, गुलाबट-पांढरा, १५ ते ३५ सेंटीमीटर लांब. शौचातून अख्खा पडतो, क्वचित उलटीतूनही येतो. बघणारा घाबरतो, पण ओळखायला सगळ्यात सोपा हाच.

पिनवर्म: पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा, मादी साधारण १ सेंटीमीटरची. रात्री गुदद्वाराभोवती खाज येते, मूल झोपेत चुळबुळ करतं.

हुकवर्म: डोळ्यांना सहसा दिसत नाही. आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो, म्हणून थकवा, धाप, फिकटपणा ही लक्षणं. बऱ्याचदा हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून शोध घेतल्यावर सापडतो.

व्हिपवर्म: हाही सहसा दिसत नाही. संसर्ग मोठा असेल तर आव-रक्त पडतं, शौचाला कुंथावं लागतं.

टेपवर्म: शौचात किंवा कपड्यावर चपटे, पांढरे, फितीच्या तुकड्यांसारखे भाग दिसतात. कधी ते हलतातही.

स्ट्राँगायलॉइडीस: वर्षानुवर्षं काहीच लक्षण न देता शरीरात राहू शकतो. याच्याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

झोपेत दात खाणं, चेहऱ्यावरचे पांढरट डाग, गोड खाण्याची ओढ ही जंतांची खूण मानून मुलांना वारंवार औषध पाजलं जातं. या लक्षणांवरून जंत ठरत नाहीत, आणि गोड खाल्ल्याने जंत होतही नाहीत. शौचात दिसणारा प्रत्येक दोराही जंत नसतो. चिकट आवेचे धागे आणि न पचलेले भाजीचे तंतू हुबेहूब तसेच दिसतात. शंका असेल तर दिसलेली वस्तू झाकणाच्या स्वच्छ डबीत घालून प्रयोगशाळेत द्या. फोटोपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

२. नमुना व्यवस्थित द्या

शौच तपासणीत जंत नाही, त्याची अंडी शोधतात, आणि अंडी रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एका नमुन्यात काही सापडलं नाही याचा अर्थ जंत नाहीत असा होत नाही. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले ३ नमुने दिले तर निदान बरंच भरवशाचं होतं. नमुन्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका. अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारं औषध चालू असेल तर आधी सांगा, निकालावर त्याचा परिणाम होऊ शकतो. शक्यतो जंताचं औषध घेण्यापूर्वीच नमुना द्या. औषध आधी आणि तपासणी नंतर, असा उलटा क्रम झाला की निकालाचा अर्थ लावणं अवघड होतं.

पिनवर्म मात्र शौच तपासणीत बहुधा सापडतच नाही, कारण त्याची मादी अंडी आतड्यात घालत नाही. ती रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालते. त्यासाठी चिकटपट्टीची चाचणी करतात:

- सकाळी उठल्याबरोबर, संडासला जाण्याआधी आणि अंघोळीआधी करा.
- पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा चिकट बाजू बाहेर ठेवून बोटावर किंवा लाकडी पट्टीच्या टोकावर गुंडाळा.
- गुदद्वाराभोवतीच्या कातडीच्या घड्यांवर तो दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा.
- पट्टी चिकट बाजूने काचपट्टीवर चिकटवा. काचपट्टी प्रयोगशाळेतून आधीच मागून ठेवा. पट्टी पारदर्शकच हवी, दुधी रंगाच्या पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही.
- हात साबणाने धुवा, नखांच्या आतूनसुद्धा.

हे सलग ३ सकाळी करायचं. एका सकाळच्या चाचणीत साधारण निम्मेच रुग्ण सापडतात, तीन सकाळी केली तर बहुतेक सगळे.

३. डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या

- रुग्णाचं आजचं वजन, आणि मूल असेल तर वय महिन्यांसह
- आधी घेतलेल्या जंताच्या औषधाचं नाव, डोस आणि तारीख; गोळ्यांची रिकामी पट्टी (स्ट्रिप) किंवा बाटली असेल तर तीच
- शौच तपासणी, हिमोग्लोबिन, सीबीसी यांचे जुने रिपोर्ट
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी
- घरात किती माणसं राहतात आणि त्यांची वयं

याशिवाय काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगा. गर्भारपण किंवा त्याची शक्यता: पहिल्या ३ महिन्यांत अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल ही जंतांवरची नेहमीची औषधं टाळतात. यकृताचा आजार. आयुष्यात कधीही आलेली फिट, सतत दुखणारं डोकं, नजरेचा त्रास. फिटांवरची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर अल्बेंडाझोलचं रक्तातलं प्रमाण घटतं. सिमेटिडिन चालू असेल तर ते वाढतं. मेबेंडाझोल आणि मेट्रोनिडाझोल एकत्र घेतल्यावर त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ती जोडी टाळतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असताना टेपवर्मवरचं प्राझिक्वाँटेल देत नाहीत, कारण त्याचा परिणामच उरत नाही.

फिटांबद्दलचा प्रश्न टेपवर्मच्या रुग्णात फार महत्त्वाचा आहे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टेपवर्मची अंडी पोटात गेली असतील तर त्याच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत असू शकतात. प्राझिक्वाँटेल किंवा अल्बेंडाझोलने त्या गाठी मरू लागल्या की भोवती सूज येते आणि फिट येऊ शकते. अशा वेळी आधी मेंदूची तपासणी, मग औषध.

४. चिठ्ठीवरचं औषध ओळखा

अल्बेंडाझोल: राउंडवर्म आणि हुकवर्मसाठी ४०० मिग्रॅ एकदाच, २ वर्षांच्या मुलापासून प्रौढापर्यंत. १ ते २ वर्षांच्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २०० मिग्रॅ. व्हिपवर्म एका डोसला नीट दाद देत नाही. तिथे ४०० मिग्रॅ रोज एकदा, असे ३ दिवस देतात.

मेबेंडाझोल: १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ३ दिवस, किंवा ५०० मिग्रॅ एकदाच. हुकवर्मवर मेबेंडाझोलचा एकच डोस अल्बेंडाझोलपेक्षा कमी पडतो. पिनवर्मसाठी १०० मिग्रॅ एकदा आणि २ आठवड्यांनी पुन्हा.

ही दोन्ही औषधं जंताला ग्लुकोज घेऊ देत नाहीत. तो उपाशी पडून हळूहळू मरतो, त्याला काही दिवस लागतात. म्हणून गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काही पडलं नाही, तर औषध वाया गेलं असं समजू नका. बरेचसे जंत पचून जातात आणि कधी दिसतच नाहीत.

पायरँटेल पामोएट: जंताला लुळा करतं, मग आतडं त्याला बाहेर ढकलतं. दर किलोला ११ मिग्रॅ, जास्तीत जास्त १ ग्रॅम. व्हिपवर्मवर चालत नाही. पायपराझिन या जंतांवरच्या दुसऱ्या औषधाबरोबर घेऊ नये, दोघांचं काम एकमेकांच्या उलट आहे.

आयव्हरमेक्टिन: स्ट्राँगायलॉइडीसवर पहिली पसंती. दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, १ किंवा २ दिवस. १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना सहसा देत नाहीत. रुग्ण मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेत राहिलेला असेल तर आधी सांगा: तिथल्या लोआ लोआ नावाच्या जंताचा संसर्ग जास्त असताना हे औषध दिलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

प्राझिक्वाँटेल: टेपवर्मसाठी दर किलोला ५ ते १० मिग्रॅ, एकदाच. बुटका टेपवर्म असेल तर दर किलोला २५ मिग्रॅ. निक्लोसामाइड हा दुसरा पर्याय, प्रौढांना २ ग्रॅम एकदाच, चावून. ते आतड्यातून जवळपास शोषलं जात नाही.

५. डोस मोजा, अंदाज नको

अल्बेंडाझोलचं गणित सोपं आहे, कारण ते वजनावर नाही, वयावर ठरतं. गोंधळ होतो तो पातळ औषधात. काही बाटल्यांवर "२०० मिग्रॅ प्रति ५ मिली" असं लिहिलेलं असतं, काहींवर "४०० मिग्रॅ प्रति १० मिली". दोन्हींत ताकद सारखीच, आणि ४०० मिग्रॅसाठी दोन्हींतून १० मिलीच लागतात. दुसरी बाटली दुप्पट कडक समजून निम्मंच औषध पाजलं जातं आणि मुलाला अर्धा डोस मिळतो. औषध तळाशी बसतं, म्हणून बाटली चांगली हलवा, आणि सोबतच्या टोपीने किंवा सिरिंजने मोजा. घरातला चमचा कधी ३ मिलीचा निघतो, कधी ७ मिलीचा.

पायरँटेलच्या बाटलीवर दोन आकडे असू शकतात. १४४ मिग्रॅ पायरँटेल पामोएट म्हणजे ५० मिग्रॅ शुद्ध पायरँटेल. ११ मिग्रॅचा हिशोब शुद्ध पायरँटेलवर करायचा असतो. म्हणजे २० किलोंच्या मुलाला २२० मिग्रॅ, आणि बाटलीत प्रति मिली ५० मिग्रॅ असेल तर ४.४ मिली. १४४ हा आकडा धरला तर मुलाला जेमतेम दीड मिली मिळेल आणि पिनवर्म तसेच राहतील.

आयव्हरमेक्टिन: ४५ किलोंना ९ मिग्रॅ, ६० किलोंना १२ मिग्रॅ. गोळ्या ३, ६ आणि १२ मिग्रॅच्या येतात, तेव्हा "एक गोळी" हा शब्द पुरेसा नाही, मिग्रॅ बघा. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन माणसाने कधीही घेऊ नये. ते कितीतरी पट तीव्र असतं आणि त्यातले इतर घटक माणसासाठी तपासलेले नसतात.

६. औषध घेण्याच्या दिवशी

उपास नको, आधी किंवा नंतर जुलाबही नको, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच. अल्बेंडाझोल जेवणानंतर घ्या. आतड्यातल्या जंतांना मारायला ते रक्तात फारसं शोषलं जाण्याची गरज नसते. मेंदूतल्या किंवा यकृतातल्या गाठींसाठी लांबचा कोर्स असेल तर मात्र प्रत्येक डोस स्निग्ध जेवणाबरोबर हवा, तिथे शोषण सुमारे पाचपट वाढतं. स्ट्राँगायलॉइडीससाठीचं आयव्हरमेक्टिन रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेतात.

अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोलच्या गोळ्या चघळून खाण्याच्या असतील तर चघळूनच खा. प्राझिक्वाँटेलची गोळी चावू नका. ती इतकी कडू असते की उमासे येतात. जेवताना भरपूर पाण्याबरोबर पटकन गिळा. ती घेतल्यावर चक्कर किंवा गुंगी येऊ शकते, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नका.

लहान मुलांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ३ वर्षांखालच्या मुलाला अख्खी गोळी देऊ नका. ती दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करा आणि पाण्यात कालवून द्या, किंवा पातळ औषधच वापरा. मूल रडत असेल, हातपाय झाडत असेल, तर थांबा. नाक दाबून, आडवं धरून पाजू नका. जंताच्या गोळीने घसा अडकून मुलं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत, आणि जंताचं औषध इतकं तातडीचं कधीच नसतं. तासाभराने द्या, उद्या द्या.

औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून डोस पुन्हा घ्या. उलटीत गोळी दिसली का आणि ती किती वेळाने पडली, हे त्यांना सांगा.

७. पिनवर्म: दुसरा डोस आणि अख्खं घर

सगळ्यात जास्त वेळा उपचार फसतो तो इथे. या औषधांनी जंत मरतात, पण अंडी शिल्लक राहतात. पहिल्या डोसनंतर अंथरुणावर, नखांत, दाराच्या मुठीवर राहिलेली अंडी पुन्हा पोटात जातात. मग २ आठवड्यांत वाढलेले नवे जंत दुसऱ्या डोसने मारायचे असतात, त्यांनी अंडी घालण्याआधी. म्हणून अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, मेबेंडाझोल १०० मिग्रॅ किंवा पायरँटेल, काहीही असो, २ आठवड्यांनी पुन्हा घ्यायचंच. पहिली गोळी घेतानाच दुसऱ्या डोसची तारीख गोळ्यांच्या पट्टीवर लिहून ठेवा. खाज थांबली म्हणून दुसरा डोस सोडणं ही नेहमीची चूक आहे. पहिल्या डोसनंतर खाज थांबतेच, आणि महिन्याभराने परत येते.

घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं, लक्षणं नसलेल्यांनीही. गर्भवती आणि २ वर्षांखालच्या मुलांबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा. पिनवर्म फक्त माणसात राहतो, पाळीव प्राण्यांना त्यासाठी औषध द्यायची गरज नाही.

घातलेली अंडी काही तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात आणि घरात २ ते ३ आठवडे टिकू शकतात. म्हणून औषधाच्या दिवसापासून दुसऱ्या डोसपर्यंत हे पाळा:

- सकाळी उठल्यावर लगेच अंघोळ. रात्रीची अंडी धुऊन जातात. टबमध्ये बसण्याऐवजी अंगावर पाणी घेऊन अंघोळ करा.
- आतले कपडे रोज बदला, रात्रीचेही.
- औषधाच्या दिवशी चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवा. ते झटकू नका, झटकल्याने अंडी हवेत उडून खोलीभर पसरतात.
- नखं बारीक कापा. मुलाला नखं चावायची सवय असेल तर त्यावर या दोन आठवड्यांत विशेष लक्ष द्या.
- संडासनंतर आणि जेवणाआधी साबण-पाण्याने हात धुवा. सॅनिटायझरवर विसंबू नका.
- फरशी आणि फर्निचर कोरड्या फडक्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही परत झालं, तर औषध बदलण्याआधी कोण राहून गेलं ते शोधा. बहुतेक वेळा घराबाहेर राहणारं पण नेहमी येऊन झोपणारं कोणीतरी असतं.

८. नंतर काय होऊ शकतं

एका डोसनंतर थोडं पोट दुखणं, मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच एक-दोन दिवस होऊ शकतं, जंत जास्त असतील तर थोडं अधिक. शौचात मेलेले जंत दिसले तर घाबरू नका. लांबच्या कोर्समध्ये गोष्ट वेगळी: अल्बेंडाझोल आठवडे-महिने चालू असेल तर साधारण दर २ आठवड्यांनी सीबीसी आणि यकृताची चाचणी करावी लागते. केस गळाले तरी कोर्सनंतर ते परत येतात.

पुढचं काही दिसलं तर मात्र थेट दवाखान्यात जा: पोट फुगून घट्ट होणं, सतत उलट्या, शौच आणि गॅस दोन्ही बंद होणं (राउंडवर्मच्या गुंत्याने आतडं अडू शकतं, अशा वेळी जंताच्या औषधाचा आणखी एक डोस घरी देणं धोक्याचं), कावीळ, अंगभर पुरळ, तोंडात फोड किंवा चेहऱ्याला सूज, फिट, प्रचंड डोकेदुखी, नजर अंधूक होणं.

हुकवर्म गेला तरी गेलेलं रक्त आपोआप भरून येत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही त्या साधारण ३ महिने चालू ठेवतात. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. ओल्या मातीत चप्पल घालणं हा उपचाराचाच भाग समजा.

९. पुन्हा तपासणी

राउंडवर्म, हुकवर्म, व्हिपवर्मसाठी २ ते ३ आठवड्यांनी शौच तपासणी करा. त्याआधी केली तर मरणाऱ्या जंतांची अंडी दिसून उगाच घोळ होतो. राउंडवर्मच्या अळ्या काही काळ फुप्फुसांतून प्रवास करतात आणि तेव्हा औषध त्यांना गाठत नाही. पोटात गेलेल्या अंड्यापासून अंडी घालणारा जंत व्हायला २ ते ३ महिने लागतात. म्हणून संसर्गाचा धोका कायम असेल तर ३ महिन्यांनीही एकदा बघून घेतात. टेपवर्मचं डोकं आतड्यात राहिलं तर तो पुन्हा वाढतो, त्यामुळे त्याची तपासणी १ महिन्याने आणि मग ३ महिन्यांनी.

स्ट्राँगायलॉइडीस सर्वांत अवघड. तो माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो आणि शौचात त्याची अंडी नाही, तर अळ्या मिळतात, त्याही अधूनमधून. एका स्वच्छ रिपोर्टवर समाधान मानू नका. रक्ताची अँटिबॉडी तपासणी आणि इओसिनोफिलचं (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) प्रमाण यांचा आधार घ्यावा लागतो. दमा, संधिवात, अवयव प्रत्यारोपण किंवा कशासाठीही स्टिरॉइड सुरू होणार असेल आणि हा जंत पूर्वी आढळला असेल, किंवा इओसिनोफिल कारण न कळता वाढलेले असतील, तर स्टिरॉइडचा पहिला डोस घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगा. प्रतिकारशक्ती दबली की अळ्या आतड्यातून फुप्फुसं, रक्त आणि मेंदूपर्यंत पसरतात. तेव्हा उपचार मिळूनही अनेक रुग्ण वाचत नाहीत, आणि आधी दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या एक-दोन डोसांनी बहुतेकदा ते टळतं.